पाटावरची बोट

आमचे मालक साखर कारखान्यात फिटर होते. जन्म गेला उसाच्या मुलखात, समुद्र काही त्यांनी पाहिलेला नाही. पाणी म्हणाल तर इंदापूरकडे जाताना दिसतं ते धरणाचं, आणि त्यातल्या मच्छीमारांच्या होड्या. असा माणूस निवृत्त झाला आणि जावयांनी त्याला भेट काय द्यावी? लाकडी बोटीचं खोकं! आत काडीएवढ्या पट्ट्या, दोऱ्याची रिळं, कापडाची शिडं आणि इंग्रजी पुस्तक.

पुस्तकातली नुसती चित्रं बघून यांनी दोन वर्षं ती बोट जोडली. मी म्हणायची, मला एवढं कधी निरखलं नाही.

बोट झाली. तीन डोलकाठ्या, त्यांना कोळ्याच्या जाळ्यासारखे दोरे. पण ठेवायला गेलं की आडवी व्हायची. मग पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. निरवांगीचे व्याही आले, डब्याला टेकलेली बोट बघून म्हणाले, "काय पाव्हणं, दोन वर्सं राबला अन् बोट अजून बाळंतिणीवानी टेकूनच बसलीय व्हय?"

मालक हसले, पण जेवणात भाकरी एकच खाल्ली. व्याही शुक्रवारी परत येणार होते. तोवर बोट आपल्या पायावर उभी दिसली पाहिजे, एवढाच ध्यास घेतला.

पुस्तक पुन्हा काढलं, तेव्हा घोटाळा कळला. मधली दोन पानं डिंकानं एकमेकांना चिकटलेली! वाफेवर धरून मी ती सोडवली. आत चित्र होतं: डोलकाठ्या लावायच्या आधी बोटीच्या तळाच्या कण्याला दोन भोकं पाडायची, त्यात पितळी खुंट बसवून बोट फळीवर उभी करायची. आमच्याकडे कळस चढला होता आणि पाया राहिला होता.

आता भोक पाडायचं तर बोट पालथी करायला हवी. पालथी केली तर काठ्या मोडणार. आणि कणा जेमतेम करंगळीएवढा. चिरला की दोन वर्षं पाण्यात. आयुष्यभर लोखंडाला भोकं पाडलेला माणूस, पण त्या कण्याजवळ गिरमिट नेलं की परत खाली ठेवायचे. "न्हाय जमत," म्हणून तीनदा उठले.

शुक्रवारी सकाळी मी म्हटलं, "सरका." ज्वारीची दोन पोती शेजारी-शेजारी लावली, मध्ये वीतभर फट ठेवली, वर गोधडी घातली. बोटीच्या कडा दोन्ही पोत्यांवर टेकल्या आणि काठ्या फटीत निवांत लोंबल्या.

"आता धरा घट्ट."

"अगं, पण गिरमिट वाकडं गेलं म्हंजी?"

"आधी दाभण लावते. पोती शिवून म्हातारी झाले, मला सरळ टोचता येतं."

त्यांनी बोट धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं, जसं काही इंजेक्शन त्यांनाच द्यायचं होतं. मी दाभणानं खूण टोचली, मग गिरमिट हळूहळू फिरवलं. एक भोक झालं. दुसरं अर्ध्यावर आलं आणि कट्‌कन आवाज आला.

मी गिरमिट थांबवलं. मालकांनी डोळे मिटले. "चिरली?" एवढंच विचारलं.

मी बोटानं चाचपलं. कणा धड होता. "उकिडवे बसलाय कधीचे," मी म्हटलं, "गुडघा वाजला तुमचा."

बोटीखालची फळी सुताराकडं सांगितली होती, ती काही आली नव्हती, म्हणून मी जेवायचा जुना पाट दिला. खाली पट्ट्या असतात, त्यामुळं खालून मारलेल्या स्क्रूची डोकी फरशीला लागत नाहीत. बोट पालथी असतानाच दोन्ही भोकांत खुंट बसवले, त्यांवर पाट उलटा ठेवून स्क्रू आवळले आणि दोघांनी मिळून सगळं सुलटं केलं. उभी राहिली!

"जराशी कललीय," मालक म्हणाले.

"तुमीबी कललाय. मी काय म्हणते का?"

मी चहा टाकायला आत गेले, मालक हात धुवायला. तेवढ्यात माझी थोरली जाऊ विरजण मागायला आली. आमच्यात जेवणवेळ सोडली तर पाटावर बसतो तो एक तर देव, नाही तर नवरदेव. तिला डोळ्यानं कमीच दिसतं. तिनं देव्हाऱ्यातला करंडा घेतला आणि बोटीच्या नाकाला हळद-कुंकू लावून, शिडावर जास्वंद ठेवून मोकळी झाली. मालक ओल्या हातानं पुसायला धावले, तर कुंकू आणखी पसरलं.

आणि दारात व्याही!

त्यांनी पाट बघितला, कुंकू बघितलं, फूल बघितलं. चपला काढल्या, टोपी नीट केली, हात जोडून चांगले कमरेत वाकले. वाकल्यावर मग नजर जवळ गेली.

"आयला! ही तर बोट हाय!"

"मग?" मालक म्हणाले. "उभी हाय न्हवं?"

व्याह्यांनी वाकूनच पाटाखाली बघितलं. एका बोटानं डोलकाठी हलकी ढकलली. बोट हलली नाही.

"हाय बाबा," ते म्हणाले, "उभी हाय."

मालकांनी पाहुण्यांदेखत चहात साखर मागितली. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच बंद केली आहे. मी दोन चमचे घातली.