डोकेदुखी, उलटी असल्यास आत येऊ नये

स्वाइन फ्लूच्या साली आम्ही कोल्हापुरातले डोळ्यांचे डॉक्टर कसे वागलो, ते आठवलं की आजही शिसारी येते. दुसऱ्यांची येते, त्याहून जास्त माझी स्वतःची.

आमचं काम पडलं पेशंटच्या तोंडासमोर तोंड धरून करायचं. त्यानं यंत्रावर हनुवटी टेकली की श्वास थेट आपल्या नाकावर. मोतीबिंदूची शिबिरं आम्ही पहिल्याच आठवड्यात गुंडाळली. लोक रुमालात कापराची पुडी बांधून यायचे आणि मी त्यांच्याकडे चोराकडे बघावं तशी बघायची. मग एकमेकांना फोन करून आम्ही चार-पाच जणांनी एकच पाटी लावली. ताप, खोकला, डोकेदुखी, उलटी असल्यास आत येऊ नये, आधी सरकारी दवाखान्यात तपासून यावे. मजकूर माझा. त्याबद्दल माझं कौतुकही झालं.

आता डोकेदुखी आणि उलटी ही काचबिंदूच्या झटक्याचीही लक्षणं. डोळ्यातला दाब एकाएकी चढतो, डोकं फुटायला येतं, माणूस ओकतो आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर एक-दोन दिवसांत नजर जाते. हे आमच्यातला कुणीही झोपेतसुद्धा सांगेल. पाटी लिहिताना मात्र एकालाही आठवलं नाही. शिर सलामत तो पगडी पचास, एवढंच शास्त्र उरलं होतं.

कबनूरची एक बाई नवऱ्याबरोबर आली. यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. सिस्टरनं दोघांना दारातच अडवलं.

"पावणं, पाटी वाचा की."

"वाचली. पर हिला उजव्या डोळ्यानं दिसंना झालंय. डोस्कं लई दुखतंय, सकाळधरनं दोनदा वकली."

"वकली म्हंजे आत न्हाय. सरकारी दवाखान्यात जावा आधी."

आत बसून मी हे सगळं ऐकलं. दिसंना झालंय, हेही ऐकलं. तरी उठले नाही. मास्क नाकावर नीट दाबला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तिसऱ्या दिवशी दोघं फ्लू नसल्याचा कागद घेऊन परत आली. तिकडच्या गर्दीत तापाचं बघायलाच माणसं पुरत नव्हती, डोळ्याचं कोण बघणार? बुबुळ धुरकटलं होतं. पापणीवरून बोट लावलं तर डोळा गोटीसारखा कडक. औषधं दिली, ऑपरेशन केलं. दाब उतरला, नजर काही आली नाही. तुटलेलं सूत जोडायला तिला आता एकच डोळा होता.

पट्टी काढल्यावर तिनं विचारलं, "कशानं गेला ओ बाई, डोळा?"

"यायला उशीर झाला," मी म्हणाले.

नवऱ्यानं हात जोडले. "व्हय बाई, आमचंच चुकलं. तिकडं रांगंत दोन दिस घालवलं आमी."

"असू द्या," मी म्हणाले.