फोटोखालची झाकलेली ओळ

पारनेरच्या रद्दीच्या दुकानात फोटोग्राफीची जुनी मासिकं येतात. दर रविवारी माझ्याआधी दूध डेअरीतला एक माणूस तिथे गठ्ठा उघडून बसलेला असतो. फोटो कसा काढला ती खालची माहिती अंगठ्याने झाकतो, उजेड कशाचा ते अंदाजाने पुटपुटतो, मग अंगठा उचलून पडताळतो. काही अंक पिशवीत घालतो, उरलेले माझ्याकडे सरकवतो.

"चांगले तेवढे तुम्ही नेता," मी एकदा चिडून म्हणालो.

"तसं न्हाई, सर. ज्यात चुकलो, त्योच अंक नेतो. बरोबर आलेल्यात काय शिकायचं?"

वीस वर्षं मासिकं वाचून मला हे सुचलं नव्हतं. हेवा वाढलाच.

त्याने सोडलेला अंक घरी आणून मी पहिल्याच फोटोखालची ओळ झाकली. खिडकीचा उजेड, मी ठरवलं. अंगठा उचलला. फ्लॅश होता.

त्याला हा अंक सोपा गेला होता.