आणि तुम्ही!

विठाचं काम एकच होतं, जागेवरून न हलणं. ऐकायला सोपं वाटतं ना? मग वैशाखात बसून दाखवा केमिकलच्या टाकीच्या तोंडाशी, नाकाला पदर लावून. चंदूला बसवलं होतं पूर्वी. तो चहाला जायचा, तंबाखूला जायचा, शेजारच्या कंपनीत ओळखीचा कुणी दिसला की गप्पा मारायला जायचा. शेवटी दौलतरावांनी त्याला उठवलं आणि गाळाच्या बादल्या वाहणाऱ्या विठाला तिथे बसवलं. विठा हलणार कशी? आत तिचाच नवरा असायचा.

दौलतराव हे अंबरनाथ पश्चिमेचे ठेकेदार. कंपन्यांच्या टाक्या रिकाम्या झाल्या की आत माणसं उतरवायची आणि तळाचा गाळ खरवडून काढायचा, हा त्यांचा धंदा. विठाचा नवरा धोंडिबा आणि बारवी धरणाकडच्या वाडीवरचा कान्हा, हे दोघं आत उतरणारे. माणसं कामाला वाघ, पण सगळं रामभरोसे. कमरेला दोर बांधला तर बांधला, नाही तर नाही.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला बदलापूरच्या एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीने फर्मान काढलं. ज्या ठेकेदाराचा सेफ्टी प्रोग्राम धड नाही, त्याला गेटच्या आत पाऊल टाकता येणार नाही. आधी कंपनीतल्याच एका टाकीवर परीक्षा, मग काम. दौलतरावांची निम्मी कामं त्या कंपनीची. ती गेली असती तर टोळीच मोडली असती. धोंडिबा आणि विठाला पुन्हा वीटभट्टीवर जावं लागलं असतं, आणि भट्टीचं नावसुद्धा विठाला नको असायचं. तिचं पहिलं मूल भट्टीवरच गेलं होतं.

दौलतराव हबकले, पण कामाला लागले. कॅम्प चारच्या स्वस्त बाजारातून हेल्मेट आणली, पट्टे आणले. कंपनीचे सेफ्टीवाले साहेब आले, त्यांनी पट्टा हातात धरून दोनदा ओढला आणि म्हणाले, "हा तुमच्या पँटला लावा, दौलतराव. माणूस टांगायचा असेल तर दुसरा आणा." आणले बिचाऱ्यांनी दुसरे. टाकीच्या तोंडावर तीन पायांची लोखंडी घोडी उभी राहिली, तिला कप्पी, कप्पीवरून दोर, आत हवा सोडायला ब्लोअर. विठाच्या गळ्यात शिट्टी आली. साहेबांनी तिला नियम समजावला. थोड्या थोड्या वेळाने आतल्या प्रत्येकाला हाक मारायची. ओ आली तर ठीक. नाही आली तर शिट्टी मारायची, दोर ओढायला लावायचा, पण स्वतः आत उतरायचं नाही. काही झालं तरी नाही.

"समजलं," विठा म्हणाली.

"मग मारा हाक."

विठा टाकीत वाकली. "कान्हाऽऽ!" आतून ओ आली. मग तिने पदर सावरला आणि हाक दिली, "अहो!"

आतून दोघंही ओरडले, "ओऽऽ!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, उद्या एक जण पडला आणि दुसऱ्याने ओ दिली, तर तुम्हाला कसं कळणार? टाकीत आवाज घुमतो, सगळे सारखेच वाटतात. नावाने हाक मारा."

आता आली का पंचाईत! विठाने लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याचं नाव असं सुकं कधी घेतलं नव्हतं. नवऱ्याचं सोडाच, त्याच्या नावासारखा शब्दही ती तोंडात येऊ देत नसे. धोंड्याचा महिना आला की ही आपली 'अधिक महिना' म्हणायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूने, कौसाबाईने, तिला हळदीच्या अंगानेच बजावलं होतं.

दौलतरावांनी डोकं चालवलं. "अगं, हळदीकुंकवाला उखाण्यात घेतेस ना? तसं घे की!"

उखाण्यात घ्यायला हरकत नव्हती. विठाने घसा खाकरला, लाजली, आणि टाकीत तोंड घालून म्हणाली, "महादेवाच्या पिंडीवर बेलाचं पान, धोंडिबारावांचं नाव घेते, राखते सेफ्टीचा मान!"

आत कान्हा खो खो हसत सुटला. साहेबांनाही हसू आवरेना, पण त्यांनी ते गिळलं. "बाई, तुमचं बेलाचं पान होईपर्यंत आतला माणूस जाईल. सोमवारी परत येतो. नावाने हाक नाही आली तर यादीत ठेकेदाराचं नाव नाही." आणि ते गाडीत बसून गेलेसुद्धा.

त्या दिवशी घरी विठाने भीत भीत सासूपुढे विषय काढला. कौसाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "तुला माझा लेक जड झालाय का?" झालं. धोंडिबा आपला खाटेवर पडून म्हणाला, "घे गं, मला काय होतंय!" तर आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कूस बदलली. पुरुष! टाकीत उतरायला भीत नाही, आईपुढे बोलायला भितो.

विठा रात्रभर तळमळली. नाव घ्यावं तर नवऱ्याचं आयुष्य कमी, न घ्यावं तर भट्टी. दौलतरावांनी विचारलं तेव्हा तिने सांगून टाकलं, "घेईन हो शेठ, घेईन." आणि देवाला म्हणाली, तूच काहीतरी कर बाबा.

सोमवार उजाडला. साहेब खुर्ची टाकून बसले. कान्हा आणि धोंडिबा पट्टे बांधून, पट्ट्यांना दोर लावून आत उतरले. ब्लोअर घुमायला लागला. विठाने पहिली हाक दिली, "कान्हाऽऽ!" ओ आली. मग नवऱ्याची पाळी आली. तिने साहेबांकडे पाहिलं, दौलतरावांकडे पाहिलं, आणि डोळे मिटून ओरडली, "आणि तुम्ही!"

"मीपण!" आतून धोंडिबा म्हणाला.

दौलतरावांनी कपाळ बडवून घेतलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा हाक, पुन्हा "आणि तुम्ही", पुन्हा "मीपण". आता साहेब उठणार, आपला खेळ संपला, असं विठाच्या मनात आलं, आणि त्याच वेळी लाईट गेली. ब्लोअर घरघरत बंद पडला.

नियम होता की ब्लोअर थांबला की बाहेर, कारण मग गाळाची विषारी वाफ आतच कोंडायची. विठा वाकून ओरडली, "बाहेर याऽऽ! कान्हा!"

"येतो!"

"आणि तुम्ही!"

"येतोय, दोघंबी येतोय!" आवाज घुमला. बरं वाटलं तिला. पण कान्हाचं डोकं शिडीवर दिसलं आणि त्याच्या मागे अंधारात काहीच हललं नाही.

"तुम्ही बोला की!" विठा म्हणाली. "तुम्ही स्वतः बोला!"

"मागंच हाय तो," कान्हा म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं होतं. बोलला होता तो एकटाच, दोघांच्या वतीने.

आणि मग विठाच्या तोंडून जी हाक निघाली, ती पलीकडे पाइपांवर काम करणाऱ्यांनीही ऐकली. "धोंडिबाऽऽऽ!"

ओ नाही.

"ए धोंडिबाऽऽऽ!"

ओ नाही. विठाने शिट्टी फुंकली, फुंकतच राहिली. एक पाय तिने टाकीत घातलासुद्धा होता. आणि तिथेच तिला आठवलं, काही झालं तरी नाही. तो पाय तिने बाहेर काढला. कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. तोवर दौलतराव आणि चंदूने धोंडिबाचा दोर धरला होता, साहेबही हात लावायला धावले, आणि कप्पी करकरत त्याला वर घेऊन आली. मान लुळी, ओठ काळेनिळे. त्याला मोकळ्या हवेत आडवा केला, पट्टा सैल केला, साहेबांनी कंपनीचा ऑक्सिजन मागवून तोंडावर धरला. विठा त्याच्या उशाशी बसून नुसती नाव घेत होती, आता एकामागून एक, काही हिशेब न ठेवता. बऱ्याच वेळाने धोंडिबा खोकला, ओकला, आणि डोळे उघडून म्हणाला, "कोन बोंबलतंय?"

विठा हसायला लागली ती रडायलाच लागली. चंदूने तोंड फिरवून डोळे पुसले.

दौलतराव खाली मान घालून उभे होते. परीक्षेच्या दिवशीच माणूस पडला, आता कसली यादी न् कसलं काम! साहेबांनी घाम पुसला आणि म्हणाले, "दौलतराव, ब्लोअरला जनरेटर लावा, त्याशिवाय टाकी उघडायची नाही. बाकी तुम्ही पास. हाक मारणारं माणूस जागेवर होतं आणि आत उतरलं नाही. मला एवढंच बघायचं होतं." कंपनीच्या डॉक्टरांनी धोंडिबाला तपासून, संध्याकाळपर्यंत ठेवून घरी सोडलं.

घरी येताना विठा मुद्दाम मागे मागे राहत होती. चंदू आधीच जाऊन सगळं सांगून बसला होता, मीठमिरची लावून. कौसाबाईने लेकाला कुरवाळलं, गरम पेज पाजली, निजवलं. मग ती ओट्यावर येऊन विठाशेजारी बसली.

"नाव घेतलंस म्हनं."

"घेतलं, आत्याबाई."

विठाला वाटलं, आता काय ऐकावं लागणार देव जाणे.

"म्या तुझ्या सासऱ्याचं नाव जल्मात घेतलं न्हाई," कौसाबाई म्हणाली. "एक वडपुनव चुकवली न्हाई. तरी ऐन जवानीत तापानं गेला. माझ्या न बोलन्यानं कुठं वाढलं त्याचं आयुष्य?" तिने पदराने नाक पुसलं. "आन् तुझ्या बोलन्यानं माझा लेक जेवून निजलाय. घे तू नाव. रोज घे. आत्ता घे बघू, मला ऐकू दे."

"इश्श, आत्याबाई!"

"घे म्हनते ना!"

विठाने डोक्यावर पदर ओढला आणि ओठातल्या ओठात म्हणाली, "धोंडिबा."

आत गाढ झोपलेला माणूस झोपेतच खणखणीत ओरडला, "ओऽऽ!"