युसूफचाचांची ड्युटी

आमच्या गोदामात माल येतो आणि जातो. किस्से मात्र एकदा उतरले की हलत नाहीत. कुठं ठेवले होते तेही आठवत नाही, आणि दुपारी चहाचा कप हातात आला की आपोआप समोर येऊन बसतात. हे सगळे कार्बनचे, म्हणजे धुराच्या हिशेबाचे आहेत.

मी पडघ्याहून स्कूटीवरून दापोड्याला येते. गोदामाच्या ऑफिसात बिलं, मेल, फोन, सगळं माझ्याकडंच. मालक दामूशेठ. त्यांच्या भातशेतीवर आता पत्र्याची छपरं आहेत, पण ते अजून त्याला ‘शेत’च म्हणतात. आणि जनरेटरवर युसूफचाचा. आधी ते कापडाच्या लूमवर मिस्त्री होते, मग वीस वर्षं आमच्याकडं. वीज गेली की चाचा उठणार, आणि मिनिटभरात सगळं गोदाम घुमायला लागणार.

एके दिवशी ज्यांचा माल आम्ही ठेवतो त्या मोठ्या कंपनीचा मेल आला. तुमचा धूर किती ते कळवा आणि कमी करा, नाहीतर माल दुसरीकडं हलवू. शेठनी मेल दोनदा वाचायला लावला. चाचांनी एकदाच ऐकला आणि हळूच विचारलं, “जनरेटर जाणार मग?” जनरेटर गेला तर चाचांची ड्युटी गेली, हे सगळ्यांनाच कळत होतं.

* * *

हा हिशेब समजावायला ठाण्याहून केतकीमॅडम आल्या. वयानं लहान, पण धीर दांडगा! फळ्यावर तीन गोल काढले. पहिला स्कोप म्हणजे आपण स्वतः आपल्या जागेत जाळतो त्याचा धूर. दुसरा, आपण विकत घेतो त्या विजेसाठी लांब कुठंतरी निघतो तो. तिसरा, आपल्या कामापायी इतरांच्या ट्रक-गाड्यांचा निघतो तो.

शेठ म्हणाले, “म्हंजे पयला आपला, दुसरा वीजवाल्यांचा, न तिसरा अख्ख्या गावाचा!”

आम्ही हसलो. चाचा पहिल्या गोलाकडं बघत बसले होते. “मॅडम, यात मी एकटाच का?”

आमच्या जागेत डिझेल जाळणारा जनरेटर एकटाच, आणि तो चाचांचा. पंखा फिरत होता, बाहेर रस्त्यावर ट्रक उन्हात तरंगल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, चाचांना त्या गोलातून हाताला धरून बाहेर काढावं.

* * *

तिसऱ्या स्कोपसाठी कामावर कोण कशानं येतं त्याची यादी करायची होती. शेठचा बंगला गोदामाच्या समोर, रस्ता ओलांडला की झालं. येतात मात्र मोठ्या गाडीतून! केतकीमॅडमनी फक्त भुवया वर केल्या.

दुसऱ्या दिवशी शेठ चालत आले. दुपारपर्यंत गावभर झालं, दामूशेठ पायी फिरतायत. एक भाचा कशेळीहून गाडी घेऊन आला. व्याही आले. एक जुने मित्र डॉक्टरलाच घेऊन आले. “शेठ, सगळं ठीक हाय ना?”

शेठनी सगळ्यांना चहा पाजला आणि केतकीमॅडमना फोन लावला. “मॅडम, मी एक गारी वाचवली तं दारात तीन उभ्या राह्यल्या. त्यांचा धूर कुनाच्या नावावर लिवू?”

मॅडमनी पलीकडून सांगितलं, “तिसऱ्या स्कोपमध्ये.”

* * *

मग निघालं जनरेटरचं रजिस्टर. आधी धूर किती होता ते ठरवायचं, म्हणजे पुढं किती कमी झाला ते दाखवता येतं. याला म्हणतात बेसलाइन. चाचांनी वीस वर्षांचे तास लिहून ठेवले होते, एकेक मिनिट.

केतकीमॅडम अडखळल्या त्या दुपारच्या एक ते दोनवर. सकाळपासून वीज नसली तरी त्या तासात जनरेटर बंद! चाचा म्हणाले, “तेव्हा सगळे जेवतात. मशीन कुणासाठी घुमवायची?”

खरं सांगते, तो तास मला फार आवडायचा. घूं घूं थांबायची आणि एकदम सगळं लांबचं ऐकू यायचं. कुणाच्या डब्याचं झाकण, छपरावरचे कावळे, अगदी खाडीकडून येणारा वाराही. डोळे उघडे ठेवून मी तिथंच झोपायची. वीस वर्षं तो तास आम्हाला चाचांनी दिला होता, आणि त्याबद्दल कुणी कधी त्यांना काही म्हटलं नव्हतं. मीही नाही.

पण त्या तासापायी आमची बेसलाइन फारच कमी निघाली. मग बचत काय दाखवणार? शेठ खाकरले. “चाचा, थोरं वाढवून लिवा की.”

“शेठ, जो धूर काढलाच न्हाय तो कागदावर कुठून काढू?” चाचांनी चष्मा पुसला. “म्हणजे मॅडम, वीस साल मी डिझेल उधळलं असतं, तर आज शाबासकी होती?”

केतकीमॅडमनी पेन खाली ठेवलं. “हो चाचा,” त्या म्हणाल्या, “तसंच आहे.” आकडा आहे तसाच गेला.

* * *

छपरावर सोलर बसलं, बॅटरीसकट. बघायला आम्ही सगळे शिडीनं वर गेलो. मी पहिल्यांदाच वर गेले होते. कशेळीच्या बाजूला नुसती छपरंच छपरं, उन्हात चमकणारी. सगळीकडं पाणी भरलंय आणि आपण होडीत उभे आहोत असं वाटलं. खाली उतरूच नये असंही वाटलं.

चाचा एका पॅनेलच्या खांबाला हात लावून उभे होते. बराच वेळ. मी विचारलं, “काय बघताय?”

“चालू हाय का बघतो. थरथरत न्हाय, आवाज न्हाय, गरमपण न्हाय.” मग हसले. “बेटी, ही मशीन माणसाला हाकच मारत न्हाय.”

पुढच्या आठवड्यात जनरेटर क्रेननं उचलून नेला. जिथं तो होता तिथं फरशीवर काळा चौकोन राहिला. चाचा तरी रोज वेळेवर येत होते आणि खुर्ची टाकून त्या चौकोनाशेजारी बसत होते. महिना संपेपर्यंतच ड्युटी, असं शेठनी त्यांना सांगितलं होतं. शेठ तिकडून जायचंच टाळायचे.

* * *

एवढं करून उरलेल्या धुराचं काय? त्याच्या बदल्यात झाडं. शेठ खूश! गोदामामागं खाडीच्या बाजूला त्यांचा एक तुकडा अजून मोकळा आहे, कडेला आजोबांनी लावलेले आंबे. “ही झारं धरा की!”

“नाही,” केतकीमॅडम म्हणाल्या, “ती तशीही असणारच होती. या कामासाठी नवी लावाल तीच धरायची.”

“म्हंजे आज्याची पुन्याई न्हाय चालत!”

नवी लावली. करंज, जांभूळ, आंबा. गुडघ्याएवढी रोपं. केतकीमॅडम फॉर्म घेऊन बांधावर आल्या. चाचा पाण्याची नळी धरून होते, दुसरं काम नव्हतं म्हणून. त्यांचे दोनच दिवस उरले होते.

शेवटचा रकाना. ही झाडं तीस वर्षं उभी राहतील, जागेवर गोदाम होणार नाही, हे बघायची जबाबदारी कुणाची? नाव लिहा.

शेठनी फॉर्म हातानं मागं सारला. मग म्हणाले, “माझं नको. माझी पोरं उद्या काय करतील, मला म्हाईत न्हाय.” माझ्याकडं बघितलं. मी मोबाईलमध्ये बघितलं. खाडीवरून वारा येत होता, रोपं सगळी एका बाजूला झुकली होती.

“चाचा,” शेठ त्यांच्याकडं न बघता म्हणाले, “तुमचं नाव लिवू? पगार चालू राहील. ड्युटी झारांची.”

चाचांचं वय त्रेसष्ट. त्यांनी नळी खाली ठेवली. “किती सालची ड्युटी?”

“तीस,” केतकीमॅडम म्हणाल्या.

चाचांनी बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं, मध्येच सोडलं. मग खिशातून फोन काढून घरी लावला.

“हां, ऐकतेस? ड्युटी लागली. यायला जरा उशीर होईल.”