प्रतीक्षालयातलं गाऱ्हाणं

देवावर माझा विश्वास नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल, राग होता. अंगारे-धुपारे करणाऱ्यांविरुद्धची पत्रकं वाचत आणि बाजारात वाटत मी मोठी झाले. आणि माझे बाबा गावच्या देवळात गाऱ्हाणं घालणारे. कुणाची म्हैस हरवो, कुणाची सून बाळंतपणात अडो, बाबा देवासमोर उभे राहून खड्या आवाजात त्याचं मागणं मांडत आणि मागून अख्खा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणत असे. आमची रोज भांडणं व्हायची, आणि भांडून झालं की एका ताटात जेवणंही. त्याच बाबांच्या घशात कॅन्सर निघाला, तोही मानेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मागणाऱ्याचाच गळा का धरलास, हा माझा देवाला सवाल होता.

ऑपरेशन केलं तर आवाज जाईल, म्हणून डॉक्टरांनी केमो आणि किरणं एकत्र द्यायचं ठरवलं. रोज किरणं, आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. औषधामुळे किरणं अधिक लागू पडतात, पण त्रासही वाढतो, आणि मध्ये खंड पाडायचा नाही, असं त्यांनी नीट समजावलं होतं. सुरुवातीला बाबा हसत जात. मग तोंड सोललं, थुंकी गिळताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाकातून नळी आली. मानेची कातडी करपली. किरणं देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर घट्ट बसवायचा जाळीचा मुखवटा पाहिला की ते डोळे मिटून घेत. आणि एका सकाळी प्रतीक्षालयात त्यांचं नाव पुकारलं, तरी ते उठले नाहीत. मान हलवून त्यांनी मला सांगितलं, नको आता.

मी समजावलं, रागावले, हात जोडले. पत्रकांत शिकलेली सगळी भाषा वापरून झाली. ते भिंतीकडे तोंड करून बसले. किरणं देणाऱ्या आतल्या ताईंनी मागच्या पेशंटला आधी घेतलं. बाबा आज गेले नाहीत, तर उद्याही जाणार नाहीत, हे मला कळत होतं.

शेजारच्या बाकावर देवबागची एक बाई बसली होती. तिचा नवरा आत किरणं घेत होता. तिने मला विचारलं, “काय गो बाय, बापूस आयकना नाय?” मी सगळं सांगितलं, ते गाऱ्हाणं घालतात हेसुद्धा. तिने पदर खोचला, उभी राहिली आणि त्या भरल्या खोलीत मोठ्याने सुरू झाली, “बा देवा म्हाराजा! ह्या तुजा लेकरू आज हट्ट करून बसलाहा. तेका आत जावची बुद्धी दी रे म्हाराजा!”

कोपऱ्यातून एकदोघे बोलले, “व्हय म्हाराजा!”

बाबा ताडकन वळले. कित्येक दिवसांत न फुटलेला आवाज घोगरा होऊन बाहेर आला, “आदी हयच्या जागेवाल्याक हाक मार गो! तेका सांगल्याशिवाय गाराणा पोचात कसा?”

“मगे तुमीच सांगा!” ती म्हणाली. “माजा त्वांड माशाचो भाव करूचा. आमच्यात बायलो गाराणा घालतत काय?”

आमच्या गावातही बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. एरवी त्यावर मी एक पत्रक लिहिलं असतं. पण बाबा सरसावून बसले आणि पुटपुटायला लागले, आणि ती त्यांच्या ओठांशी कान नेऊन एकेक वाक्य गर्जून सांगू लागली. आधी त्या जागेचा राखणदार, मग आमचं ग्रामदैवत, मग डॉक्टरांच्या हाताला यश, खोलीतल्या प्रत्येकाला आराम. स्वतःसाठी काही मागायची वेळ आली तेव्हा बाबा अडले. बाईने वाट पाहिली. मग अगदी हळू ते म्हणाले, “माका सांभाळ.” ते तिने ओरडून सांगितलं नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि ‘व्हय म्हाराजा’ माझ्या तोंडून निघालं.

बाबा उठले आणि आत गेले. त्या दिवसानंतर किरणांचा एकही दिवस चुकला नाही. ती बाई मला पुन्हा दिसली नाही. नवऱ्याचे उपचार पुरे झाले असतील. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

आता तपासणीत गाठ दिसत नाही. औषधाने बरे झाले की देवाने, असं लोक विचारतात. देवाचं नाव घेऊन कुणी उपचार सोडायला सांगितले, तर मी आजही त्याच्याशी भांडेन. मला एवढंच माहीत आहे की, माझे शब्द संपले होते तिथे कुणीतरी पुढचे शब्द दुसऱ्याच्या तोंडी ठेवले. स्वतःला सोपवणं म्हणजे हातपाय गाळणं, असं मी समजत होते. बाबांनी मात्र स्वतःला सोपवलं आणि चालत त्या मशीनपर्यंत गेले.

किरणांनी जिभेची चव गेली होती. आई महिनोन्‌महिने त्यांना पेज द्यायची आणि ते मुकाट गिळायचे. परवा पहिल्याच घोटाला ते थांबले, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, “मीठ खंय आसा ह्याच्यात?”

आई मीठ आणायला उठली, ती देवासमोर जाऊन रडतच बसली. मीठ मी वाढलं.