पाटावरून मारलेली उडी

आमच्या कोरेगावात बेसबॉलचा संघ होता असं सांगितलं की साताऱ्यातले माझे सहकारी शिक्षक हसतात. हसोत बापडे. दोन हंगाम होता आणि मी त्यात होतो. मी शाळेत इतिहास शिकवतो, लढायांची कारणं मुलांकडून घोकून घेतो. पण गेल्या महिन्यात गावच्या स्मरणिकेसाठी या संघाचा इतिहास लिहायला बसलो आणि 'संघ का बंद पडला' या एका ओळीपाशी दोन आठवडे अडकलो. ते कारण मीच आहे. निदान गाव तसं म्हणतं.

संघ उभा केला तो गावातल्या एका निवृत्त सुभेदारांनी. शांतिसेनेत परदेशी असताना त्यांनी हा खेळ पाहिला आणि पेन्शनीत आल्यावर आम्हा कॉलेजच्या पोरांना माळावर नेऊन उभं केलं. आम्ही जन्मभर क्रिकेट खेळलेले. चेंडू टोलवला की बॅट घेऊनच पळायचो. "टाक ती बॅट! सरपण न्यायचंय व्हय घरला?" असं ते ओरडायचे. मैदानाला चार कोपरे. जिथं बॅट घेऊन उभं राहायचं त्या कोपऱ्यात पांढऱ्या रबराचा एक तुकडा असतो, त्याला आम्ही पाट म्हणायचो. तीन कोपरे फिरून परत त्या पाटाला पाय नाहीतर हात लावला की धाव. बाकी नियमांच्या नावानं आनंद होता, पण एवढा एक सगळ्यांना पाठ होता. म्हणून तर पुढं मी जे केलं ते मलाच कळत नाही.

सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला या खेळाची भारी हौस. त्यानं सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतले सहा संघ जमवून लीग काढली. कोयनानगरला जोरात टोलवलेला चेंडू थेट घाटात जायचा आणि तो सापडेपर्यंत दोन्ही संघ चहा प्यायचे. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी व्यापारी म्हणाला, पुढच्या वर्षी चारच संघ ठेवू. आमचा शेवटचा सामना सांगलीत, जतशी. बरोबरी झाली तरी आम्ही टिकणार होतो. हरलो तर संघ गेला.

सामना दसऱ्यानंतर दोन दिवसांनी होता. खंडेनवमीला सुभेदारांनी फौजेतल्या सवयीनं सगळं सामान पूजेला मांडलं. बॅटी, हातमोजे, चेंडू आणि मधोमध पाट. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आमच्यातला एक जण पुटपुटला, "आता ह्याच्यावर पाय कसा ठिवायचा?" सगळे हसले, सुभेदारही हसले.

नेमका सांगलीच्या मैदानातला पाट फाटलेला निघाला, म्हणून आमचाच अंथरला. त्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचा डाग तसाच होता. जतची पोरं त्यावर खुशाल पाय देऊन जात होती. आमचे पहिले दोघे मात्र तिथं पोचल्यावर वाकले, पाटाला हात लावला आणि तो छातीला लावला. धावा धरल्या गेल्या. सुभेदार बाकावर गप्प बसून होते.

शेवटचा डाव आला. आम्ही एका धावेनं मागं, अजून एक गडी बाद झाला की खेळ खलास, आणि मी तिसऱ्या कोपऱ्यावर. आमच्या गड्यानं चेंडू मारला आणि मी सुटलो. पाटापाशी जतचा एक दांडगा गडी कन्नडमध्ये ओरडत चेंडू मागत होता. चेंडू अजून लांब होता, वाट मोकळी होती. पुढच्या क्षणी मी हवेत होतो. पाटावरून पार पलीकडे जाऊन पडलो आणि उठून नाचायलाच लागलो. तेवढ्यात त्या दांडग्यानं शांतपणे येऊन चेंडू माझ्या खांद्याला टेकवला. पंचानं बाद म्हणून हात वर केला, तोही मला आमच्यासाठीच वाटला. सामना गेला आणि त्याबरोबर संघही.

पुढं गावानंच मला सावरून घेतलं. पोरगं देवभोळं, पूजेच्या पाटावर पाय दिला नाही. माझ्या सोयरिकीच्या वेळीसुद्धा हे कौतुकानं सांगितलं गेलं आणि मी ते खोडलं नाही. पण त्या क्षणी मला कुंकू दिसलं होतं का? की मी त्या गड्याला भ्यालो? की नुसतीच मिजास केली? ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय, की त्यातलं माझं किती आणि गावाचं किती, हे मला वेगळं काढता येत नाही. आणि मी म्हणे इतिहासाचा मास्तर!

शेवटी गेल्या रविवारी सुभेदारांकडे गेलो. त्या सामन्याबद्दल ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. मनात राग असणार असं मी धरून चाललो होतो. त्यांनी आतून पाट आणला आणि मांडीवर घेऊन बसले.

"लिवतोयस म्हनं. मग लिव, संघ सुभेदारानं बुडवला."

मी गडबडलो. "आवं साहेब, उडी मी मारली."

"पाट पूजेत मी ठिवला. त्या पोरानं इचारलं तवा हसलो. दोघांनी हात लावला तवा तरी उठून सांगायचं हुतं, पाय द्या म्हनून. जीभ रेटली न्हाई." त्यांनी पाटाच्या कोपऱ्यातल्या डागावरून अंगठा फिरवला. "लय वर्सं खातंय मनाला. खरं सांग गड्या, पूजेमुळंच पाय दिला न्हाईस न्हवं?"

मला माझीच लाज वाटली. मी त्यांच्या रागाला भीत राहिलो आणि हा माणूस स्वतःला खात बसला होता. 'माहीत नाही' हेच माझं खरं उत्तर. पण ते घेऊन त्यांनी काय करायचं?

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "त्या जतच्या दांडग्याला भ्यालो. पूजा डोक्यातच न्हवती."

त्यावर ते इतके हसले, की त्यांची सून बाहेर आली. "आगं, ह्यो भ्याला हुता! आन् गाव ह्याला देवमानूस म्हनतंय!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि पाट माझ्यापुढं फरशीवर टाकला. "ठिव आता पाय."

मी पाय ठेवला. ठेवताना माझी नजर त्या कुंकवाच्या डागाकडे गेली आणि पाय आपोआप जरा बाजूला पडला. सुभेदार अजून हसत होते. त्यांना ते दिसलं नसावं.