तिसऱ्या थापेनंतर

वाचनबाईंनी पुस्तक उघडलं की बोरी अरब गावातली कुत्रीसुद्धा भुंकायच्या आधी विचार करायची. हे मी वाढवून सांगत नाही. म्हणजे थोडं वाढवतोय, कुत्रं एकच होतं. पण ते खरंच गप्प बसायचं. बाई एवढीशी, वारं सुटलं तर पदराला दगड बांधावा अशी. पण आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा खोल.

बाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. वर्षावासाचे तीन महिने संध्याकाळी विहारात धम्मग्रंथ वाचायचा मान त्यांचा. पण दुपारी, पावसाची झड लागून शेतातलं निंदण बंद पडलं की बायाबापड्यांना जमवून त्या त्याच विहारात कादंबऱ्या वाचायच्या. विहाराला लागून माझं शिलाईचं टिनशेड. खिडकी एकच, दोघांच्या मधली. त्यामुळे आवाज थेट माझ्या मशीनवर पडायचा. भीतीच्या प्रसंगात मी किती ब्लाउजच्या बाह्या तोंडाशी शिवून बंद केल्या, ते गावातल्या बायकांनाच विचारा.

त्यांची सगळ्यात लाडकी कादंबरी म्हणजे एक जुनी, कव्हर नसलेली भयकथा. घाटातला एकाकी बंगला. तिथं राहणाऱ्या बाईला दारावर थाप पडायच्या आधीच कळतं, बाहेर कोण आहे आणि त्याच्या मनात काय आहे. जिवंत माणसं थाप मारतात, मेलेलीही मारतात. तिला सगळी ओळखू येतात. शेवटी एका पावसाळी दुपारी थाप पडते आणि तिला पहिल्यांदाच कळत नाही, कोण आलंय. इथं वाचनबाई बोटांच्या पेरांनी समोरच्या चौरंगावर वाजवायच्या. टक. मग दुसरी. मग तिसरी. आणि तिथं पुस्तक संपायचं. पुढची पानं फाटलेली.

"कोण हाये व बाई दाराबाहीर?" बाया दरवर्षी विचारायच्या.

"फाटलं हाये. जे मले छापलेलं दिसत नाही, ते मी सांगत नाही."

बाईंचा भुताखेतावर तसूभर विश्वास नव्हता. चौरस्त्यावर उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की उचलायच्या, धुवायच्या आणि शरबत करायच्या. मला पेला द्यायच्या आणि म्हणायच्या, "पी बे. भूत लागलं त आंबट लागन."

मी एकदा विचारलं, "मंग भुताचं पुस्तक वाचाची एवढी हौस काहून?"

"पुस्तकातलं भूत पुस्तकात राह्यते म्हणून. बाहीर आलं त मी पुस्तक मिटून टाकीन."

तरी एक खोडी त्यांच्यात होती. वाचता वाचता मध्येच थांबायच्या आणि डोळे न उचलता म्हणायच्या, "शेवंता, ऊठ. तुहा जावई येऊन राह्यला. कोंबडी धर." शेवंता घरी पोचते न पोचते, तोच जावई पिशवी घेऊन दारात! बाया तोंडाला पदर लावायच्या. खरी गोष्ट एवढीच, की बाईंच्या बसण्याच्या जागेवरून खिडकीतून, माझ्या मशीनच्या डोक्यावरून, शेडच्या उघड्या दारापलीकडे एसटीचा फाटा दिसायचा. कोण उतरलं ते त्या तिरप्या नजरेनं बघून ठेवायच्या. हे गुपित आम्हा दोघांनाच ठाऊक. मी डोळा मारला की त्या दबक्या आवाजात म्हणायच्या, "फेकाड्या, गप राय."

पण गप राहिलो तर मी टेलर कसला! पानठेल्यावर मी सांगून टाकलं, "बाईले दिसते. त्या दाराबाहीर कोण हाये हेबी तिले माहीत हाये. सांगत नाही, कारण सांगतलं त तो आत येते." लोकांच्या तोंडातला खर्रा तसाच राहिला. मला तेवढ्यानं भागलं नाही. बाईंच्या वाचनाचा आवाज मोबाईलवर भरला आणि खाली त्याच दोन ओळी लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून दिला. तो नेरला गेला, बाभुळगावला गेला.

महिन्याभरात बाभुळगावचा एक म्हातारा हरवलेला बैल विचारायला आला. मग बाईंच्या उंबरठ्यावर लिंबं दिसू लागली. तीन दिवस बाईंनी शरबत केलं. चौथ्या दिवशी लिंबांचा ढीग होता. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत.

"हे तुह्यं काम हाये काय?"

"नाही बाई," मी म्हणालो. जन्मभर लांबलचक थापा मारणारा मी, आणि सगळ्यात वाईट थाप निघाली ती दोन शब्दांची.

मग ती दुपार. झड चालूच होती. पाणी आत येतं म्हणून विहाराचं दार लावलेलं. बाई शेवटच्या पानावर आल्या. टक. टक. चौरंगावर तिसरी थाप पडली, आणि दारावर बाहेरून थाप पडली. इथं मी एकही थाप वाढवलेली नाही. बाईंनी खिडकीतून फाट्याकडे बघितलं. एसटी आलेली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माहीत नव्हतं, दाराबाहेर कोण आहे.

बाहेर नेरकडच्या खेड्यातली एक आई होती. कडेवर आठ-नऊ वर्षांची पोरगी, मागं मोटारसायकलवर पोरीचा मामा. पोरीला कपाशीत साप चावला होता. पापण्या मिटून येत होत्या, तोंडातून शब्द फुटत नव्हता. नेरच्या दवाखान्यासमोरूनच ते आले होते. थांबले नव्हते. मोबाईलवर ऐकलेल्या बाईंकडे आले होते.

"मले काही दिसत नाही, माय," बाई ओरडल्या. "दवाखान्यात घेऊन जा! अबी!"

आई दारातच बसली. "तुमी पाह्यल्याशिवाय मी हालत नाही. वाचते का नाही, ते सांगा."

बाईंनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं. ती नजर मी कुठल्याही गोष्टीत वापरलेली नाही. मग त्यांनी डोळे मिटले. कादंबरीतल्या बाईचा तो विहिरीतला आवाज काढला आणि म्हणाल्या, "दिसून राह्यलं. यवतमाळचा मोठा दवाखाना. पांढरी चादर. पोरगी उठून बसली हाये, पाणी मांगून राह्यली. पन सुई लागल्यावर. इथं थांबली त मले काहीच दिसत नाही."

आई ताडकन उठली. मी शेजारची जीप काढायला लावली. वाटेत पोरीचा श्वास तुटत होता आणि मी मोजत होतो. तिसऱ्या दिवशी पोरगी उठून बसली, पाणी मागितलं. चादर पांढरीच होती. दवाखान्यात दुसऱ्या कुठल्या रंगाची असणार?

पण झालं ते झालं. बाईंना दिसलं तसंच घडलं, ही बातमी गावोगाव गेली. त्याच संध्याकाळी विहारात बाईंनी ग्रंथ उघडला, तर मागच्या रांगेतली एक अनोळखी बाई उठली, नारळ ठेवला आणि बाईंच्या पायावर डोकं टेकलं. धम्मग्रंथासमोर! बाईंनी ग्रंथ मिटला, शेजारणीच्या हातात दिला आणि बाहेर पडल्या. पुन्हा कधी वाचायला बसल्या नाहीत.

लेकीकडे नागपूरला निघाल्या तेव्हा फाट्यावर मीच पोचवायला गेलो. त्यांनी ती कव्हर नसलेली कादंबरी माझ्या हातात ठेवली.

"बाई, चूक झाली. माफ करा."

"पोरगी वाचली, त्याचं मले दुःख नाही. पन जिंदगीत एकच खोटं बोलली मी, न लोकायनं तेवढंच खरं धरलं." एसटीत चढताना वळून म्हणाल्या, "कोनी विचारलं त खिडकी दाखवजो. वाढवू नको."

बाई गेल्या वर्षी नागपूरलाच वारल्या. लोक अजून येतात. मी त्यांना विहारात नेतो, बाईंच्या जागेवर बसवतो. "पाहा, फाटा दिसते का? बस, एवढंच होतं." ते फाटा बघतात, माझ्याकडे बघतात आणि हसतात. "टेलर, तुमी लय फेकता राजेहो." जाताना खिडकीत लिंबू ठेवून जातात.

मी ते फेकत नाही. धुतो, पिळतो, बाईंसारखंच शरबत करतो. फक्त पहिला घोट घ्यायच्या आधी, अलीकडे, माझा हात जरासा थांबतो.